वेशभूषेची विद्या : भानू अथैया यांची वाटचाल

वसई-विरार परिसरात सुईदोऱ्यावर आणि मण्यांवर पोट भरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली या भागांतील गाळ्यांत तयार कपडे शिवण्याचे काम चालते. नालासोपारा, विरार येथील चाळींतून आणि इमारतींतून नकली दागिन्यांना खडे चिकटविणे, मणी ओवणे, साडीला फॉल लावणे, कुडत्यावर टिकल्या भरणे ही कामे घरोघर होतात. मजुरी नगावर मिळते. हे काम करणारी माणसे बहुतांशी बाहेरून आलेली. कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून, कोणी उत्तर प्रदेश, बिहार अथवा पश्चिम बंगालमधून. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर भरली होती. एवढ्या वस्तीत एकही गल्ली अशी सापडणार नाही की जेथे शिलाई यंत्राचा आवाज ऐकू येत नाही.

असे असूनही या कामास आपल्या समाजात विद्येचा मान नाही. वर्गात एखाद्या मुलाने डॉक्टर होणार म्हणून सांगितले तर शिक्षक समाधान पावतात. कपडे बेतणार, दागिने घडविणार असे एखादी मुलगी म्हणाली, तर तिला अभ्यासात गती नसावी असा तर्क केला जातो. शिवण म्हणजे हाताची सवय, तिच्यात डोक्याचा भाग थोडा, ही समजूत इतकी रुळलेली आहे की ती तपासून पाहण्याची आवश्यकताही कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात जिचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्या मराठी स्त्रीने आयुष्याची सुमारे साठ वर्षे कपडे आणि दागिने यांच्या आरेखनात घालविली. ऑस्कर पुरस्कार मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणून तिचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत येते. मात्र तो पुरस्कार नेमका कोणत्या कामासाठी मिळाला, ते काम कसे करतात आणि तो पुरस्कार आज भारतात का नाही, या गोष्टी त्या पुस्तकांत येत नाहीत.

कोल्हापूरची शिदोरी

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. कोल्हापूर त्या वेळी संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. भानुमतींच्या बालपणीच्या या नगरीत चित्रकला, कुस्ती, संगीत आणि चित्रपट या सर्वांस राजाश्रय व लोकाश्रय दोन्ही लाभलेले होते. बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० मध्ये 'सैरंध्री' आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हे मूकपट काढले. सुतारकाम आणि लोहारकाम जाणणाऱ्या घरात जन्मलेल्या या कलावंताने चित्रीकरणाचा कॅमेरासुद्धा स्वतः घडविला होता. कारागीर आणि कलावंत यांच्यात भिंत नसते, हे कोल्हापूरकरांना वेगळे शिकवावे लागत नसे. भानुमतींचे वडील अण्णासाहेब हे स्वतः चित्रकार व छायाचित्रकार होते आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. मुलीचा चित्रकलेकडील ओढा पाहून त्यांनी तिला उत्तेजन दिले. परंतु ती लहान असतानाच त्यांचे निधन झाले. सात भावंडांच्या त्या कुटुंबास पुढे आईनेच सांभाळले.

दागिन्यांच्या दृष्टीनेही हा परिसर संपन्न होता व आहे. कोल्हापुरी साजातील प्रत्येक पानाला स्वतंत्र आकार व अर्थ असतो. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. अंगावरचा दागिना केवळ सोन्याच्या वजनावरून मोजावयाचा नसतो, तो वाचावयाचा असतो, ही दृष्टी अशा गावात वाढणाऱ्या मुलास नकळत लाभते.

चित्रकलेच्या उच्च शिक्षणासाठी भानुमती मुंबईस आल्या आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या. तेथे त्यांनी उषा देशमुख सुवर्णपदक मिळविले. सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे या चित्र-शिल्पकारांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे नाव भारतीय कलेच्या इतिहासात मोठे आहे. त्या ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानुमतींची चित्रे मांडली गेली होती. त्यांनी चित्रकलाच पुढे चालविली असती तर आज त्यांचे नाव कदाचित त्या मंडळींच्या बरोबरीने घेतले गेले असते. तसे घडले नाही, कारण परक्या शहरात राहावयाचे तर दरमहा पैसा लागतो. चित्र विकले जाईल तेव्हा जाईल. खोलीचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. वसई-विरारमध्ये नव्याने आलेल्या कोणाही कारागिरास हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

कागदावरून कापडावर

पैशाच्या या गरजेतून त्यांनी मासिकांसाठी वेशभूषेची रेखाटने काढण्यास प्रारंभ केला. 'फॅशन अँड ब्यूटी' आणि त्यानंतर 'ईव्हज वीकली' ही ती इंग्रजी नियतकालिके. रेखाटनातील पोशाख वाचक स्त्रियांना पसंत पडू लागले. पुढे 'ईव्हज वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा कागदावरचे हे पोशाख प्रत्यक्ष शिवून पाहा, अशी सूचना तिने भानुमतींना केली. येथून त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

या ठिकाणी थोडे थांबून वेशभूषेच्या तांत्रिक बाजूकडे पाहणे इष्ट होईल. कागदाला वजन नसते, कापडाला असते. चित्रातील पदर चित्रकार ठेवील तेथे राहतो. खरा पदर मात्र धाग्याच्या जातीप्रमाणे, विणीप्रमाणे आणि खळीप्रमाणे पडतो. तेच कापड उभ्या धाग्यावर बेतले तर ताठ उभे राहते, उरेब कापले तर अंगाबरोबर वाहते. मुंढा अर्धा बोट चुकला तर नर्तकीला हात वर नेता येत नाही. घेराला किती कळ्या घालावयाच्या यावर गिरकी घेताना घागरा फुलणार की पायांत अडकणार हे ठरते. ज्याला आपण शिंपी म्हणतो, तो ही सारी भूमिती वही न उघडता करीत असतो. रेखाटन करणारी व्यक्ती आणि कात्री चालविणारी व्यक्ती यांना एकमेकांची भाषा कळली नाही, तर उत्तम चित्राचा वाईट पोशाख होतो. भानू अथैया (विवाहानंतर त्या या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या) यांचे वैशिष्ट्य हे की चित्रकाराची नजर घेऊन त्या शिंप्याच्या बाकड्यापर्यंत गेल्या आणि ते काम कमीपणाचे मानून परत फिरल्या नाहीत.

कामिनी कौशल व नर्गिस या अभिनेत्री त्यांच्या आरंभीच्या ग्राहक होत्या. त्यांच्यामुळे चित्रपटांची दारे उघडली. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) मधील नादिराचा पोशाख त्यांचा आहे. गुरुदत्त यांच्या संस्थेसाठी 'सी.आय.डी.' (१९५६), 'प्यासा' (१९५७), 'चौदहवी का चाँद' (१९६०) आणि 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) हे चित्रपट त्यांनी केले. त्यापूर्वी आपल्या चित्रपटांत पोशाख बहुधा ड्रेसवाल्याकडून भाड्याने येत. राजा म्हटला की ठराविक झगा, गरीब म्हटला की ठराविक ठिगळे. पात्राचे वय, जात, गाव, उत्पन्न, इतकेच काय, मनःस्थिती पाहून कपडा बेतावयाचा, ही शिस्त ज्या थोड्या लोकांनी आणली त्यांत भानू अथैया अग्रभागी होत्या. साध्या पडद्याआडच्या या कामाचा समाजावर होणारा परिणाम मात्र पडद्याबाहेर दिसतो. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या साड्यांचे अनुकरण आपल्या आज्या-पणज्यांनी केले होते. 'वक्त' (१९६५) मधील साधनाचा अंगाबरोबर बसणारा कुडता व चुडीदार यांचे अनुकरण त्यांच्या नातींनी केले. 'ब्रह्मचारी' (१९६८) मध्ये मुमताजसाठी त्यांनी नाचताना सुटू नये अशी झिप लावून शिवलेली साडी तयार केली. आज शहरांतील दुकानांत तयार नेसलेली साडी मिळते. ती विकत घेणाऱ्यांस तिचे मूळ ठाऊक नसते, एवढेच.

दागिने आणि अजिंठा

'आम्रपाली' (१९६६) या चित्रपटाचा येथे थोडा विस्ताराने उल्लेख करणे आवश्यक आहे. वैशालीची नगरवधू आम्रपाली ही बुद्धकालीन. त्या काळातील वस्त्रे शिल्लक नाहीत. सुती कापड आपल्या हवेत दोन-अडीच हजार वर्षे टिकत नाही. मग आधार कशाचा घ्यावयाचा? भानू अथैया औरंगाबादकडील अजिंठ्याच्या लेण्यांत गेल्या आणि तेथील भित्तिचित्रे त्यांनी अभ्यासली. अजिंठ्याच्या चित्रांत वस्त्र थोडे आणि अलंकार पुष्कळ आहेत. मोत्यांचे सर, बाजूबंद, कंबरेच्या मेखला, केसांत गुंफलेली फुले व रत्ने यांवरूनच तेथे राणी, दासी आणि नर्तकी यांतील भेद ओळखावयाचा असतो. शिवलेली वस्त्रेही तेथील काही आकृतींच्या अंगावर दिसतात, ही गोष्ट शिवणकला परदेशातून आली असे मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. अशा पोशाखात दागिना हा नंतर चढविलेला साज राहत नाही. दागिनाच पोशाखाचा सांगाडा होतो आणि वस्त्र त्याच्या आधाराने राहते. वैजयंतीमाला यांच्या अंगावरील 'आम्रपाली'चा वेश या विचारातून घडला. काटेकोरपणे बोलावयाचे तर अजिंठ्यातील बहुतेक चित्रे आम्रपालीनंतर सुमारे हजार वर्षांनी रंगविलेली आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तसा आक्षेप घेतला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि अंदाजाने झगे शिवण्यापेक्षा उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या पुराव्याकडे जाणे, ही वृत्ती मोलाची आहे.

आपल्या वाचकांसाठी येथे एक स्थानिक संदर्भ जोडतो. नालासोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जेथे मिळाले, ते हे बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीच्या आत एकात एक ठेवलेले करंडक सापडले आणि त्यांसोबत सोन्याची लहान फुलेही निघाली. ज्या गावातील घरांत आज दिवसभर नकली फुलांना खडे चिकटविले जातात, त्याच गावच्या मातीत सोनाराच्या हातची ही फुले शतकानुशतके पडून होती. इतिहास शिकविताना शिक्षकांनी या गोष्टीचा अवश्य उपयोग करावा.

'गांधी'

रिचर्ड ॲटनबरो यांनी महात्माजींवर चित्रपट काढावयाचे योजल्यापासून तो प्रत्यक्षात येण्यास सुमारे वीस वर्षे लागली. भारतीय पोशाखांची जबाबदारी कोणावर द्यावी हा प्रश्न मात्र भानू अथैया यांच्याशी झालेल्या पहिल्या भेटीत काही मिनिटांतच सुटला, असे ते सांगत असत. युरोपीय पोशाखांचे काम जॉन मोलो यांच्याकडे होते. लष्करी गणवेशांचे ते नामांकित जाणकार.

या चित्रपटाच्या कामाची अडचण अशी की गांधीजींच्या चरित्रात पोशाख हा तपशील राहत नाही, तो विचार होतो. १८९३ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर डब्यातून उतरविण्यात आलेला बॅरिस्टर विलायती सुटात होता. दक्षिण आफ्रिकेत जाताना आपण कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, बूट आणि मोजे घालावयास कसे लावले, हे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर ते उतरले ते काठेवाडी वेषात, डोक्यास फेटा बांधून. आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी अंगावर केवळ पंचा ठेवण्याचा निर्णय अमलात आणला. सुटापासून पंचापर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर एक राजकीय निर्णय आहे. पोशाखात चूक झाली तर प्रेक्षकास कपडा चुकलेला दिसत नाही. माणूसच चुकलेला वाटतो.

याखेरीज गर्दीचा प्रश्न होता. अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाले. त्यासाठी तीन लाखांहून अधिक माणसे जमली होती. एवढ्या सर्वांना कपडे पुरविणे कोणासही शक्य नाही. तथापि कॅमेऱ्याजवळ येणारी शेकडो माणसे कोण आहेत, पंजाबी की बिहारी, शेतकरी की वकील, हे टोपी, पागोटे आणि धोतराच्या नेसणीवरून कळलेच पाहिजे. पागोटे एकच, पण ते बांधण्याच्या पद्धती गावोगाव निराळ्या. ही माहिती तयार पुस्तकात मिळत नाही. जुनी छायाचित्रे, वृद्ध माणसांच्या आठवणी आणि बाजारात फिरताना उघडे ठेवलेले डोळे यांतूनच ती जमवावी लागते. नवे कापड नवे दिसू नये म्हणून ते धुऊन, घासून, विटवून घ्यावे लागते, ही या व्यवसायातील आणखी एक मेहनत. पडद्यावर मळका दिसणारा सदरा मळविण्यात कधीकधी तो शिवण्यापेक्षा अधिक वेळ जातो.

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजलिस येथे झालेल्या पंचावन्नाव्या ऑस्कर समारंभात 'गांधी' चित्रपटास एकूण आठ पुरस्कार मिळाले. त्यांपैकी वेशभूषेचा पुरस्कार जॉन मोलो आणि भानू अथैया यांना विभागून देण्यात आला. साडी नेसून व्यासपीठावर गेलेल्या या कोल्हापूरच्या कन्येने मोजक्या वाक्यांत आभार मानले. भारताकडे जगाचे लक्ष वेधल्याबद्दल ॲटनबरो यांना धन्यवाद दिले. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांनाही त्या वर्षी ब्रिटनच्या चित्रपट अकादमीने सन्मानित केले, हे मराठी वाचकांस स्मरत असेलच.

त्यानंतरही त्यांचे काम दीर्घकाळ चालू राहिले. गुलजार यांचा 'लेकिन' आणि आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' (२००१) या दोन चित्रपटांच्या वेशभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'लगान'मध्ये १८९३ सालचे खेडे उभे करावयाचे होते. शेतकरी, संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी अशा तिन्ही थरांचे पोशाख एकाच चौकटीत आणावयाचे होते. शंभराहून अधिक चित्रपट त्यांनी केले. 'नागरिक' (२०१५) या मराठी चित्रपटाची वेशभूषाही त्यांचीच. २०१० मध्ये वेशभूषाकलेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुरस्कार परत गेला

२०१२ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, आजारी असताना भानू अथैया यांनी आपला ऑस्कर पुरस्कार अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठविला. यात रोष नव्हता, चिंता होती. आपल्या पश्चात ही मूर्ती येथे सुरक्षित राहील असा भरवसा त्यांना वाटला नाही. रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीस गेले होते, ही आठवण त्या वेळी ताजी होती. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात त्यांची चित्रे व रेखाटने लिलावात मांडली गेली.

शासनाच्या नियतकालिकात लिहिताना हा भाग वगळणे सोयीचे ठरले असते. परंतु तो वगळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्रपटांच्या रिळांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुंबईत २०१९ मध्ये भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालयही सुरू झाले. कपड्याचे मात्र तसे होत नाही. चित्रीकरण संपले की पोशाख गाठोड्यात जातो, पुढील चित्रपटासाठी उसवला जातो, नवी काठपट्टी लावून दुसऱ्याच्या अंगावर चढतो. अखेरीस त्याचे पायपुसणे होते. सोन्याची गत याहून वेगळी नाही. आपल्याकडे दागिना मोडून नवा घडविण्याची रीत आहे. सोने घरातच राहते, पण आजीच्या बुगडीची घडण मुशीत नाहीशी होते. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीस देऊन आपण स्टीलची भांडी घेतली. त्या साड्या जाळून त्यांतील चांदी काढली गेली. घरोघरच्या पातेल्यांची संख्या वाढली, आणि कोणत्या गावात कोणता काठ विणला जात होता हे सांगणारे पुरावे कमी झाले.

नावाची नोंद

पुराव्याइतकाच करणाऱ्याच्या नावाचाही प्रश्न आहे. भानू अथैया यांचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येई, म्हणूनच ते ॲटनबरो यांच्यापर्यंत पोहोचू शकले. त्यांच्या हाताखाली कापणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या, दागिने ओवणाऱ्या कारागिरांची नावे सहसा येत नसत. वसई-विरारच्या गाळ्यात शिवला गेलेला कपडा दुसऱ्याच्याच नावाचे लेबल लावून बाजारात जातो, हे आपण जाणतो.

१७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत शिंपी आणि सोनार आहेत. प्रमाणपत्र व ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत अथवा नागरी संस्था यांच्याकडे सोपविली गेली, ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, परगावाहून आलेल्या कारागिराचा अर्ज अडतो तो बहुधा याच पायरीवर. नकली दागिन्यांचे काम करणाऱ्या स्त्रिया या अठरांपैकी कोणत्याही नावात नीटशा बसत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या सोनार नाहीत. माळाकार म्हणजे फुलांचे हार गुंफणारे, तेही त्या नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ड्रेस मेकिंग व सुइंग टेक्नॉलॉजी हे अभ्यासक्रम मात्र नवख्या मुलामुलींना खुले आहेत.

वसईच्या पेट्या

भानू अथैया यांच्या पद्धतीने पाहावयाचे ठरविले, तर वसई तालुका हा वेशभूषेच्या अभ्यासकास एखाद्या ग्रंथालयासारखा आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिलेल्या या भूमीवर धर्म बदलले, तरी लुगडे सुटले नाही. सामवेदी ख्रिस्ती वाड्यांतील वृद्ध स्त्रियांचे लाल लुगडे, किनाऱ्यावरील कोळिणींची घट्ट कासोट्याची नेसण, पूर्वेकडील पाड्यांतील वारली स्त्रियांचे गुडघ्यापर्यंतचे आखूड लुगडे, ही सर्व वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आत पाहावयास मिळत आली आहेत. समुद्राशी, मिठागराशी आणि भातखाचराशी प्रत्येक नेसणीचे नाते आहे. चिखलात वाकून काम करणारीचे लुगडे पायघोळ असून कसे चालेल? ही वस्त्रे नित्य वापरणाऱ्या स्त्रियांची संख्या मात्र वर्षागणिक घटत आहे.

वस्तू गोळा करून संग्रहालय उभारणे हे प्रत्येक शाळेस जमण्यासारखे नाही, आणि घरचा दागिना कोणी शाळेत आणून ठेवावा अशी अपेक्षाही योग्य नव्हे. नोंद मात्र करता येते. विद्यार्थ्याने घरातील एकच वस्त्र किंवा एकच दागिना घ्यावा. त्याचे घरात म्हणतात ते नाव, लांबी-रुंदी, रंग, काठ, कोणी विणले वा कोठून आणले, कोणाच्या लग्नातील, कसे नेसतात, कोणत्या दिवशी घालतात, हे आजीला विचारून लिहावे व सोबत एक रेखाटन काढावे. छायाचित्र असले तरी रेखाटन टाळू नये. रेघ ओढताना जे दिसते ते बटण दाबताना दिसत नाही. दागिना असल्यास घडविणाऱ्या सोनाराचे नाव अवश्य विचारावे.

जतनाविषयीही दोन शब्द. खाडीकाठच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली साडी कोंदटते आणि जर काळी पडते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात ती गुंडाळावी, तीन-चार महिन्यांनी सावलीत उघडून घडीच्या रेषा बदलाव्यात, डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत. वसईत पेट्या उघडण्याचे दिवस ठरलेले आहेत. दिवाळी, नाताळ आणि त्यानंतरची लग्नसराई. शिक्षकांनी नोंदीच्या वह्या त्यापूर्वी, सहामाही परीक्षा संपताच मुलांच्या हाती दिल्या, तर सुट्टीत त्या भरून येतील.